अर्ध्या क्लचवर

खुर्चीत सैल बसा. तळवे मांडीवर ठेवा, डोळे मिटा. श्वासाला घाई नको.

डिसेंबरातली पहाट आहे, कल्याणमधली. इमारतीखाली प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. तिचं नाव बदलून किती वर्षं झाली, तरी घराघरांत तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत. दार ओढून लावा. जाड पत्र्याचा तो आवाज ऐका. पातळ कड्याचं स्टिअरिंग हाताला गार लागेल. चोक ओढा. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवा कमी करून मिश्रण दाट करायचं, हे कारण पुढे कधीतरी कळतं. चोक किती ओढायचा आणि इंजिन तापू लागल्यावर किती हळू आत ढकलायचा, हे बोटांना त्याआधीच कळलेलं असतं.

आता डावा पाय. क्लच पूर्ण दाबा, स्टिअरिंगला लागून असलेल्या दांड्याने पहिला गिअर टाका आणि पाय वर येऊ द्या. हळू. अजून हळू. मध्ये कुठेतरी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडी अंग आवळून घेते. तिथे थांबा.

आपल्याला इथेच रेंगाळायचं आहे. पेट्रोलचं इंजिन फार सावकाश फिरू शकत नाही. फेऱ्या एका मर्यादेखाली गेल्या की ते बंद पडतं. चाकं मात्र अजून स्थिर आहेत. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांच्यामध्ये घर्षणाची एक चकती असते, ती घासत घासत दोघांचा वेग जुळवते. किती घासू द्यायचं, हे तुमची पोटरी ठरवते. त्या दोन सेकंदांत मनात दुसरं काही शिरत नाही. बँकेचा हप्ता नाही, ऑफिस नाही.

जुन्या पत्री पुलाच्या चढावर मी हे शिकलो. पुढे ट्रक, मागे रिक्षांचे हॉर्न. माझी गाडी तीनदा बंद पडली आणि चौथ्यांदा अर्ध्या क्लचवर जागच्या जागी तोलून राहिली, हँडब्रेकशिवाय. १९१४ सालचा तो पूल २०१८मध्ये पाडला आणि नवा २०२१मध्ये खुला झाला. चढ मात्र पायात राहिला आहे.

आता तीच खुर्ची, दुसरी गाडी. बटण दाबा. काहीच घडलं नाही असं वाटेल, पण गाडी तयार आहे. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते. म्हणून क्लच नाही, बदलायला गिअर नाहीत. डाव्या पायाकडे लक्ष द्या. तो काहीतरी शोधतोय. त्याला शोधू द्या.

घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट उतरा. जुन्या गाडीत इथे दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर वेग धरून ठेवायचा, आणि इंजिन गुरगुरत ते ओझं पेलायचं. विजेच्या गाडीत उजवा पाय फक्त सैल करा. मोटर आता जनित्र होते, उताराचा वेग वीज बनून बॅटरीत परत जातो. काच खाली घ्या. खाडीवरचा वारा ऐकू येतो. इतक्या वर्षांत तो या रस्त्यावर मला ऐकूच आला नव्हता.

ज्या घरघरीवर माझा जीव जडला, तिच्याबद्दलचं एक सत्यही समोर ठेवतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच चाकांपर्यंत पोहोचतो. बोनेटची ती ऊब, तो आवाज, सगळी वाया गेलेली ऊर्जा. शीळफाट्याच्या रांगेत, पुढच्या गाडीच्या धुरात तासभर अर्ध्या क्लचवर काढला की गुडघाही ते सांगतो. तिथे विजेची गाडीच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीजवळ, प्रीमिअरचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार होत असे. आता स्टॉपचं नाव तेवढं ऐकतो, आणि दर वेळी मान आपोआप तिकडे वळते.

तरीही गाडी चालवल्याचं समाधान मला अजून जुन्या गाडीतच मिळतं. मी चुकलो तर ती लगेच धक्का देते, जमलं तर हातापायांना कळतं. मुरबाडवरून माळशेजला जाताना पहाटे रस्ता मोकळा असतो. तिथे तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर अलगद पडतो, त्या क्षणाला मी विजेच्या गाडीत पर्याय शोधला. सापडला नाही.

डोळे उघडा. सोसायटीत कव्हरखाली कुणाची जुनी गाडी उभी असेल, तर ती भंगारात जाण्याआधी मालकाला विनंती करून मुलांना एका रविवारी तिचा क्लच सोडायला शिकवा. विजेची गाडी ती नंतर एका दुपारी शिकतील.