टांगा पुढे, मोटार मागे

पैसे वाचवले तर ते कुठं ठेवायचे, हे आम्ही बँकवाले सांगू शकतो. वाचवलेली दोन मिनिटं ठेवायला मात्र अजून कुठल्याही शाखेत खातं नाही. तरीसुद्धा माणूस जिवावर उदार होऊन वाचवतो ती दोन मिनिटंच.

हा विचार सुचायला कारण अमेरिकेतले आमिश लोक. १६९३ साली याकोब आमानच्या मागोमाग युरोपात वेगळा निघालेला हा ख्रिस्ती पंथ अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आला, पुढं ओहायो, इंडियाना असा पसरला. मोटार निघाल्यावर साऱ्या जगानं तिच्यामागं धाव घेतली, पण यांनी शांतपणे सांगितलं, ‘आम्हांला नको.’ म्हणजे मोटारीत बसणं पाप, असं नव्हे हं! भाड्याच्या मोटारीत, दुसरा चालवत असेल तर, ते खुशाल बसतात. फक्त ती स्वतःच्या दारात उभी नको. का? तर मोटार आली की पोरं लांब जातात, शेजारी लांब जातो, आणि माणसं एकमेकांना नाताळच्या कार्डापुरती उरतात. घोडा दमतो तिथं यांचं गाव संपतं.

गंमत म्हणजे यांच्या बग्गीचा घोडा पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेला असतो. उमेदीत पहिला येण्यासाठी धावायचं आणि पुढं सगळ्यांना ‘तुमचं चालू द्या’ म्हणायचं! इतकी समाधानी सेवानिवृत्ती मी आमच्या खात्यातही पाहिलेली नाही.

आता हिशेब. (बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढी मुभा असावी.) तिथल्या खेड्यांतल्या रस्त्यांवर मोटार पुष्कळदा ताशी ८८ किलोमीटरनं जाते, बग्गी सुमारे १३ नं. म्हणजे दीडशे मीटरवर दिसलेली बग्गी सात सेकंदांत नाकासमोर येते. तिच्या जागी ताशी ७० नं जाणारी मोटार असती, तर चांगलं अर्धं मिनिट मिळालं असतं. बरं, चढावर अर्धा किलोमीटर बग्गीमागं राहावं लागलं तर नुकसान किती? जेमतेम दोन मिनिटं. जमेच्या बाजूला दोन मिनिटं, नावेच्या बाजूला बग्गीत मागं बसलेली चार पोरं. असला ताळेबंद कुठलाही ऑडिटर मंजूर करणार नाही.

तेव्हा मोटारवाल्याचं कर्तव्य ठरलं. पण प्रश्न इथं संपत नाही, कारण बग्गी आधी दिसली पाहिजे. त्यासाठी १९६०च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात नारिंगी त्रिकोण तयार झाला: ‘हे वाहन मंद आहे.’ बहुतेक आमिशांनी तो लावला. लँकेस्टर परगण्यातल्या करड्या बग्ग्यांना तर बॅटरीचे दिवेसुद्धा असतात. पण स्वार्टझेनट्रूबर नावाची कडवी शाखा म्हणते, हा रंग भडक, ही खूण ऐहिक, आमचा भरवसा देवावर. २०११ साली केंटकीत त्यांतल्या काही पुरुषांनी दंड नाकारून तुरुंग पत्करला. तिथला कैद्यांचा पोशाखही नारिंगीच! शेवटी जेलरनं त्यांना गडद रंगाचे कपडे दिले. २०१२ साली कायदा बदलला आणि त्रिकोणाऐवजी चमकणारी पट्टी चालू लागली. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० सालीच पट्टी आणि कंदील पुरेसा मानला होता. ओहायोनं मात्र २०२२ साली बग्गीवर लुकलुकणारा पिवळा दिवा सक्तीचा केला.

इथं माझ्या मनाची ओढाताण होते. श्रद्धा त्यांची, गाडी त्यांची, जीवही त्यांचा. आपण कोण सांगणारे? पण अपघात एकट्याचा कधीच नसतो. आमिशांत बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः ठरवून घेतात. म्हणजे मागं बसलेल्या पोरानं अजून ही श्रद्धा निवडलेलीच नाही. घोड्याला तर कोणी विचारलेलंही नाही. आणि तो मोटारवाला? आमिश त्याला क्षमा करतील. २००६ साली लँकेस्टरच्या शाळेत घुसून पाच मुलींचा जीव घेणाऱ्याच्या घरच्यांचंही त्यांनी सांत्वन केलं होतं. पण अंधारात न दिसलेल्या बग्गीवर आदळलेला माणूस स्वतःला क्षमा कशी करणार? दिवा आपल्यासाठी लावायचा नसतो. तो मागून येणाऱ्याला जन्मभराच्या पश्चात्तापातून वाचवण्यासाठी असतो.

म्हणून मला वाटतं, हळू जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, न दिसण्याचा कोणालाच नाही. दिसायचं कुठल्या रंगात, ते मात्र ज्याचं त्यानं ठरवावं. सरकारनं उजेड मागावा, नारिंगीच हवा म्हणून हट्ट धरू नये.

मोटारवाल्यानं ब्रेकवर पाय ठेवावा, बग्गीवाल्यानं कंदील लावावा. दोघांनी एवढं केलं, तर देवालाही बाकीच्या कामांसाठी थोडी सवड मिळेल.