सासरची मंडळी आणि बाप्तिस्मा

शंका : माझं माहेर नागपूरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण. लग्न होऊन धमतरीला मेनोनाइट घरात आले. सासूबाई मायाळू आहेत. पण म्हणतात, ‘‘तान्हेपणीचा बाप्तिस्मा आम्ही धरत नाही. माझ्यासाठी तरी एकदा घे.’’ घेतला तर आईवडिलांनी केलं ते खोटं ठरतं. नाही घेतला तर घरात उपरीच राहते.

समाधान : ताई, सासूबाईंचं म्हणणं हटवादी वाटलं, तरी त्यासाठी माणसं जिवानिशी गेली आहेत. जानेवारी १५२५ मध्ये झुरिचच्या नगरसभेने हुकूम काढला, की तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत झालाच पाहिजे. त्याच आठवड्यात, २१ तारखेला, काही जणांनी एकत्र जमून, स्वतः कबुली देऊन बाप्तिस्मा घेतला. त्यांतल्या फेलिक्स मांझला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्माट नदीत बुडवलं. बांधलेले हात गुडघ्यांखाली ओढले, मध्ये काठी सारली आणि पाण्यात ढकललं. खंबीर राहा, असं त्याची आई काठावरून सांगत होती म्हणतात. पुढे मेनो सिमन्स या डच धर्मगुरूच्या नावाने ओळखले गेलेले लोक याच परंपरेतले. त्यांचे अमेरिकन मिशनरी १८९९ मध्ये दुष्काळाच्या सुमारास धमतरीला आले. (तेव्हा त्या मुलखाचा कारभार तुमच्या नागपुरातूनच चाले!)

देवाला द्यायचा होकार ज्याचा त्यानेच द्यायचा, आईबापांनीही तो परस्पर द्यायचा नाही, हा त्यांचा आग्रह. या हिशेबाने तुमचा पहिला बाप्तिस्मा धरला जात नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. माहेरच्या चर्चचा हिशेब वेगळा. १९७० मध्ये नागपुरातच ते स्थापन झालं, तेव्हा बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही त्यात आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. तिथे तुमचा बाप्तिस्मा पुरा झालेला आहे.

पण सासूबाईंच्या ‘माझ्यासाठी तरी’ या शब्दांपाशी मी अडतो. सुनेने सासूसाठी घेतलेला बाप्तिस्मा त्यांच्याच पंथाच्या कसोटीला उतरेल का? हे त्यांनाच प्रेमाने विचारा. स्वतःच्या मनातून आलं तर जरूर घ्या, तोवर नको. पाळकांनाही भेटा. सोळाव्या वर्षी मंडळीपुढे तुम्ही स्वतः कबुली दिली आहे, हे त्यांना सांगा. अशा कबुलीवर सभासद करून घेणाऱ्या मेनोनाइट मंडळ्या आहेत; तुमच्या मंडळीचा नियम काय, ते तेच सांगतील.

शंका : मीही मेनोनाइट. कोर्टात साक्ष आहे. आमच्यात शपथ घेत नाहीत. न्यायाधीश रागावतील का?

समाधान : नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायावरून तुम्ही शपथ टाळता, आणि १९६९ चा शपथ कायदा शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगण्याची मुभा देतो. खोटं बोलल्यास शिक्षा तीच. आपल्या वकिलांना आदल्या दिवशीच कल्पना देऊन ठेवा.