अनामत

शेजार अंतराने ठरतो की येण्याजाण्याने, हा प्रश्न सोलापुरात भाड्याच्या घरात राहायला आल्यापासून माझ्या मनात रेंगाळतो आहे. पुणे इथून अडीचशे किलोमीटर. नकाशा पाहणारा त्याला शेजार म्हणणार नाही. तरी हुतात्मा एक्स्प्रेस रोज सकाळी इथून निघते, दिवसभराची कामे उरकलेली माणसे घेऊन रात्री परतते, आणि २०११च्या गणतीप्रमाणे साडेनऊ लाखांचे असलेले हे शहर आपले कॉलेज, नोकरी, मोठे दुखणे आणि मोठी खरेदी पुण्यावर सोपवून निर्धास्त असते. ज्यांच्या स्मरणार्थ ही गाडी धावते त्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली ती पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात. लहान शहराने माणसे पाठवायची आणि मोठ्या शहराने ती ठेवून घ्यायची, हा व्यवहार असा जुना आहे. गाडीत बसलेल्याला मात्र त्याचे स्मरण राहतेच असे नाही, आणि कदाचित तेच बरे, कारण सगळ्या स्मरणांचे ओझे घेऊन रोजचा प्रवास कुणाच्याने होणार!

मी राहतो तो भाग सात रस्ता. स्टेशन हाकेच्या अंतरावर, जवळच शासकीय विश्रामगृह, आणि नावाप्रमाणे अनेक वाटांचा मेळ. घर मालकीणकाकूंचे, वरच्या मजल्यावरची खोली त्यांच्या मुलाची होती. तो आता पुण्याला वाकडमध्ये राहतो, भाड्याने. त्याच्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून रसायनशास्त्रातल्या आवर्तसारणीचा तक्ता चिकटवलेला आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, काही चौकटींवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि रोज शर्ट काढताना मला त्या अभ्यासाचा आवाज ऐकू आल्याचा भास होतो, ज्याने या मुलाला या खोलीतून बाहेर नेले. काकूंनी तो तक्ता काढू दिला नाही, मीही तसा आग्रह धरला नाही. माझ्या भाड्यातला काही वाटा त्याच्या भाड्याकडे जात असेल. त्याचा घरमालक ते घेऊन आणखी कुठल्या मोठ्या शहरातल्या आपल्या मुलीला पाठवत असेल. मालक आणि भाडेकरू या दोन जाती आहेत असे आपण समजतो, प्रत्यक्षात बहुतेक माणसे एकाच वेळी दोन्ही असतात. फक्त कुठल्या गावात कोण, एवढाच फरक.

करार अकरा महिन्यांचा. १९०८च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे केले, तेव्हा त्या सक्तीच्या एक पाऊल अलीकडे थांबण्यासाठी व्यवहारचतुर लोकांनी अकरा महिन्यांची मुदत रूढ केली. पुढे महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत काहीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा असे ठरवले. म्हणजे अकराचे मूळ प्रयोजनच सरले. प्रयोजन सरले तरी अकरा उरले. रूढी अशाच जगतात: ज्या भयापोटी त्या जन्मल्या ते भय केव्हाच मावळलेले असते, आणि आपण मात्र त्याच्या सावलीत आपले वर्ष एका महिन्याने आखूड करून जगत राहतो. त्या न लिहिलेल्या बाराव्या महिन्याविषयी मला कुतूहल वाटते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला बाराही महिने आपलेच वाटतात, भाडेकरूला तो एक महिना कायम आठवण करून देत असतो की राहणे ही परवानगी आहे.

या परवानगीच्या अवस्थेत काही उत्तम विचार जन्मले आहेत, हेही खरे. तत्त्वज्ञ स्पिनोझा १६६३ साली हेग शहराला लागून असलेल्या वूरबर्ग या लहान गावी राहायला गेला, तो टायडमन नावाच्या एका चित्रकाराच्या घरात भाड्याने. भिंगे घासायची, पत्रे लिहायची, आणि मोठ्या शहरातले विद्वान भेटायला येतील इतके जवळ, पण आपल्या एकांतात घुसणार नाहीत इतके दूर राहायचे, असा त्याचा क्रम होता. पुढे तो हेगमध्ये गेला तेव्हाही भाड्याच्याच खोलीत, आणि १६७७ साली तिथेच त्याने देह ठेवला. ज्याच्या नावावर कधी घर नव्हते त्याने अवघ्या विश्वाला एकच अखंड तत्त्व मानावे, यात मला विसंगती दिसत नाही. कुठल्याच भिंतीवर हक्क नसला की भिंतीपलीकडचेही आपल्याच व्यवहारातले वाटू लागते.

पण एकांत निवडता येणे हे एक सुख आहे, आणि सोलापुरातल्या बहुसंख्य भाडेकरूंच्या वाट्याला ते कधी आले नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काळात गिरण्यांचे हे शहर स्वतःच एक मोठे शहर झाले. भोवतालच्या खेड्यांतून, कर्नाटकातून माणसे येत गेली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच छपराखाली नांदू लागले: एका कडेला माग, दुसऱ्या कडेला चूल, आणि मागाचा खटखटाट हाच घराचा श्वास. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, शहर लहान म्हणवून घेऊ लागले, विड्या वळणाऱ्या बायकांची बोटे मात्र थांबली नाहीत. या बायका, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या यांच्यासाठी कुंभारीजवळ रे नगरची तीस हजार घरांची वसाहत योजली गेली, तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या छपराखाली राहिलेल्या बाईच्या हाती किल्ली येते तेव्हा अनित्यतेचे तत्त्वज्ञान तिला ऐकवू नये. ज्याच्याकडे परतीची वाट आहे त्यानेच वाटेचे गोडवे गावेत.

या शहराच्या दैवतालाही बांधणे आणि सोडणे, दोन्ही ठाऊक होते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांनी इथे तळे खोदवले, अडुसष्ट लिंगे स्थापली. आणि लिंगायत परंपरा सांगते की संत अल्लमप्रभू त्यांच्याकडे आले, या बांधकामातच गुंतून राहिलेल्या साधकाला त्यांनी अंतर्मुख केले आणि कर्नाटकातल्या कल्याणला, आजच्या बसवकल्याणला नेले. मंदिर स्थावर, साधक जंगम. परंपरेचा ओढा जंगमाकडे. तरीही लोकांनी सिद्धेश्वर म्हणून चित्तात धरले ते तळे खोदणाऱ्यालाच, आणि आजही संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात ते त्या तळ्याकाठच्या अक्षता सोहळ्यासाठी. कोरड्या मुलखात अध्यात्माला पाण्याची सोय करावीच लागते.

पाणी हीच इथल्या भाडेकरूची खरी दीक्षा. घर पाहायला गेलो तेव्हा काकूंनी भाडे नंतर सांगितले, आधी पाण्याचे सांगितले. ‘‘रोज येत नाही बघा. आलं की खालून हाक मारते, तेवढं उठायचं की.’’ पाण्याचा दिवस इथे वारासारखा पाळला जातो. हाक येते, मोटर सुरू होते, टाकी भरते, मग पिंप, मग हंडे, मग कळशी, शेवटी तांब्यासुद्धा. आणि मधल्या दिवसांत काकू भांडी विसळलेले पाणी तुळशीला घालतात ते काटकसरीचा आव न आणता, सहज. नळाला दिवसभर पाणी असलेल्या माणसाला काळ सलग वाटतो. इथे काळाला पेरे असतात.

आणि हे पाणी येते कुठून? सोलापूर पर्जन्यछायेत आहे. ज्या ढगांवर ते जगते ते ढग सह्याद्रीत, पुण्याच्या माथ्यावर रिते होतात. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही धरणे भरली की मुठा वाहते, मुळेला मिळते, मग भीमेला, आणि सारे येऊन थांबते उजनीत, १९८० साली पूर्ण झालेल्या त्या अफाट जलाशयात. तिथून काही पाणी जलवाहिनीने, काही नदीपात्रात सोडून टाकळीच्या उपशापर्यंत असे ते शहरात पोहोचते. म्हणून ऑगस्टमध्ये सोलापूरकर आपले आभाळ पाहत नाहीत, वर्तमानपत्रात दौंडहून उजनीत येणारा विसर्ग पाहतात. आणि उन्हाळ्यात ‘‘उजनी वजा झाली’’, म्हणजे वापरण्याजोगा साठा संपला, हे वाक्य घरातल्या आजारपणाच्या स्वरात बोलले जाते. पुण्याने जे वापरले, जे मळवले, तेच वाहत येऊन या शहराच्या माठात बसते. शेजार अंतराने ठरत नाही, याचा याहून ठोस पुरावा मला नको आहे.

माझ्या करारात एक कलम आहे, जे बहुधा अशा प्रत्येक करारात असते: जागा ज्या स्थितीत घेतली त्याच स्थितीत परत करावी, नाहीतर अनामत रकमेतून नुकसान वळते केले जाईल. एका खोलीसाठी आपण एवढी दक्षता घेतो, साक्षीदार बोलावतो, अंगठे उमटवतो. नदीसाठी वरच्या शहराने खालच्या शहराशी असा करार कधी केला नाही, आणि अनामतही ठेवली नाही. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण पुण्यात असाल, काही जण तर इथलेच, कपाटाच्या दारामागे आपला तक्ता ठेवून गेलेले. तुमच्या स्वयंपाकघरातून, गटारातून, कारखान्यातून जे वाहून जाते ते पुढे कुणाच्या तरी पाण्याच्या दिवशी पोहोचते. पाणी घेतले तसेच परत द्या, आणि आपल्या नगरसेवकाला सांडपाणी शुद्धीकरणाचा हिशेब विचारा. भाडेकरूने पाळायचा तेवढा नियम मोठ्या शहरालाही लागू आहे.