खड्डा सांगावा की नाही

आमच्या शेजारच्या काकांकडे एक सायकल आहे. तिला सीटं दोन, हँडलं दोन, पायडलांच्या जोड्या दोन आणि चाकंही दोनच. लांबी साधारण आठ फूट. पहिल्यांदा ती जिन्याखाली उभी पाहिली तेव्हा मला वाटलं, दोन सायकलींची टक्कर झाली असावी आणि पंचनाम्यासाठी त्या तशाच ठेवल्या असाव्यात. इंग्रजीत तिला टँडेम म्हणतात, आमच्या कॉलनीतली पोरं झुकझुकगाडी म्हणतात. काका निवृत्त शिक्षक. काकूंनी कधी नोकरी केली नाही, त्यामुळे त्या अजून निवृत्त व्हायच्या आहेत. रोज सकाळी सहाला पुढे काका आणि मागे काकू असं हे जोडपं टी.व्ही. सेंटरवरून सलीम अली सरोवराकडे निघतं. आणि सगळा वेळ काका अखंड बोलत असतात.

या बोलण्यानं आमच्या घरात अशांतता पसरली.

"बघा," आमची ही म्हणाली, "या वयात बायकोशी किती बोलतात! तुम्ही माझ्याशी शेवटचं वाक्य बोललात ते 'गॅस संपला का' हे."

वास्तविक ते मंगळवारी. त्यानंतर बुधवारी मी 'मीठ' असंही म्हणालो होतो. पण रेकॉर्ड दाखवून संसारात कोणी जिंकल्याचं मला तरी माहीत नाही.

आता, जोडीनं सायकलवर बसणं आपल्याला काही नवं नाही. 'डबलसीट' हा मराठी भाषेतला एक भरभक्कम शब्द आहे. मी लहान असताना वडील आईला कॅरियरवर आणि मला पुढच्या नळीवर बसवून नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला न्यायचे. लांबून पोलीस दिसला की आई टुणकन उतरायची आणि या सायकलवाल्याशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं चालू लागायची. पोलीस मागे पडला की पुन्हा संबंध सुरू. त्या डबलसीटचा हिशेब सरळ होता. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं बसायचं. एक नावे, एक जमा. टँडेमचं तसं नाही. तिथे ओढायचं दोघांनी आणि ठरवायचं एकानं.

म्हणजे कसं, ते सांगतो. दोन्ही पायडलं एकाच साखळीनं एकमेकांना जोडलेली असतात. पुढच्याचा पाय वर गेला की मागच्याचा जातोच. पुढचा थांबला की मागचा थांबला. ब्रेक आणि गिअर सगळे पुढच्याच्या हातात. मागच्या माणसाला जे हँडल दिलेलं असतं ते पुढच्याच्या सीटच्या दांडीला घट्ट बसवलेलं असतं, ते इकडे वळत नाही की तिकडे. ते नुसतं धरून ठेवण्यासाठी असतं. आमच्या बँकेत सूचनापेटी आहे, तिची मला फार आठवण झाली.

मी बी.कॉम. असल्यामुळे मला लगेच 1932 चा भागीदारी कायदा आठवला. भागीदारीत धंदा सगळ्यांनी मिळून चालवावा किंवा सगळ्यांच्या वतीनं एखाद्यानं चालवावा, दोन्ही चालतं. देण्याची जबाबदारी मात्र सगळ्यांवर. ज्यानं हा मसुदा लिहिला त्यानं एक तर टँडेम पाहिली असावी किंवा त्याचं लग्न झालेलं असावं. आपल्याकडे सप्तपदीला वरवधूची गाठ मारून एकामागे एक चालवतात, तीही एका अर्थी याच वाहनाची शिकाऊ परवान्याची परीक्षा.

साहेबांच्या देशात या सायकलचं मोठं प्रस्थ होतं. 1892 साली लंडनमध्ये तिच्यावर एक गाणं निघालं. त्यातला प्रियकर मुलीला सरळ सांगतो की लग्नाला घोडागाडी परवडणार नाही, दोघांच्या सायकलवर भागवून घे. ते गाणं इतकं चाललं की 1961 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाला पहिल्यांदा गायला लावलं तेव्हा तेच गाणं निवडलं. आमच्या शाखेतल्या संगणकाला अजून 'लिंक नाही' याच्यापुढे काही येत नाही. ऑलिंपिकमध्येही 1972 पर्यंत टँडेमची शर्यत होती. आता ती पॅरालिंपिकमध्ये आहे. तिथे अंध खेळाडू मागे बसतो आणि डोळस माणूस पुढे. पदक दोघांनाही मिळतं.

तर एका रविवारी काकांचा गुडघा धरला आणि सायकल आमच्याकडे आली. अर्थात मी पुढे. याबद्दल चर्चा झाली नाही, कारण पुढे वजनदार माणूस असला की तोल सांभाळायला बरं, असं काकांनीच सांगितलं होतं. निघताना दोघांनी एकदम जोर लावायचा असतो. आम्ही एकविसाव्या वर्षी केलेल्या लग्नात बावीस वर्षांत एकही गोष्ट एकदम केलेली नव्हती, त्यामुळे पहिले तीन प्रयत्न कुंपणात गेले. चौथ्यांदा सायकल चालली. कॉलनीच्या फाटकापर्यंत मी वॉचमनचा सलामही घेतला.

आमच्या गावाचं नाव 2023 साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. खड्ड्यांनी मात्र आपले जुने पत्ते बदललेले नाहीत. एक परिचयाचा खड्डा मला समोर दिसला. मी सीटवरून अलगद उठलो, तो खालून जाऊ दिला आणि पुन्हा बसलो. मागे 'आई गं!' असा आवाज आला.

"दिसला होता तुम्हाला?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, उगाच तुला कशाला घाबरवायचं."

त्यानंतर सरोवरापर्यंत ती काही बोलली नाही. काठाशी आम्ही उतरलो. तिनं पदर सारखा केला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "तेव्हाही हेच म्हणाला होतात."

'तेव्हा' म्हणजे केव्हा, ते मला विचारावं लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वी एका मित्राला मी जामीन राहिलो होतो. एका पतसंस्थेचं कर्ज होतं. मी बँकेतला माणूस. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते, हे मी काउंटरवर शेकडो लोकांना समजावून सांगितलेलं आहे. आणि तरी एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभ्या-उभ्या सही केली. घरी बोललो नाही. हप्ते थकले, तेव्हा बोललो नाही. मग रजिस्टरची नोटीस आली. पोस्टमन अकरा वाजता येतो आणि अकरा वाजता मी काउंटरवर असतो, त्यामुळे नोटिशीवर सही हिनं केली. पुढची चार वर्षं तिनं सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतल्या. पाटल्या गेल्या त्या गेल्याच. त्या काळात ती मला काही बोलली नाही, याचा अर्थ मी माझ्या सोयीनं असा लावला होता की तिचं काही म्हणणं नाही.

तुम्ही म्हणाल, काही गोष्टी न सांगण्यातही माया असते. आजाऱ्याला आपण सगळं सांगत नाही. बरोबर आहे. मीही नऊ वर्षं याच कलमाखाली स्वतःला निर्दोष सोडत आलो होतो. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा. तो खोटं बोललाच नाही, फक्त 'हत्ती' हा शब्द हळू म्हणाला. तेवढ्यानं रथ खाली आला. मी तर हत्ती अख्खाच गिळला होता. आणि खरं सांगायचं तर हिला घाबरवायचं नव्हतं, हे कारण नंतरचं. आधीचं कारण, मलाच तिची भीती वाटत होती.

परत येताना ती पुढे बसली. मी मागे. मागून काय दिसतं? अंबाडा दिसतो. रस्ता नाही, समोरचा ट्रक नाही, काही नाही. हातात न वळणारं हँडल आणि पाय आपोआप फिरताहेत. मला वाटतं प्रत्येक नवऱ्याला वर्षातून एकदा हे सीट द्यावं. पण ती बोलत होती. "खड्डा. डावीकडे रिक्षा. आता ब्रेक लावते. गतिरोधक आहे, उठा."

आणि तेवढ्यात मला एक शोध लागला. चढ लागला होता. मागच्या माणसानं जोर काढून घेतला आणि पाय नुसते ठेवले, तरी साखळीमुळे ते गोल गोल फिरत राहतात. पुढच्याला मागे वळून पाहता येत नाही, आणि पाहिलं तरी पाय फिरताना दिसणारच! बँकेत तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, एकानं केलेली नोंद दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. माणसाच्या सचोटीवर आमचा असा गाढ विश्वास असतो. इथे तपासणारं कोणीच नव्हतं. मी साधारण विजेचे सहा खांब जाईपर्यंत निद्रिस्त भागीदार झालो.

"पाय नुसते फिरवू नका," ती न वळता म्हणाली. "कळतं मला."

मला आता असं वाटू लागलंय की ती चार वर्षंही तिला कळतच होतं.

सायकल परत करायला गेलो तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की काका एवढं काय बोलतात. काकूंना काचबिंदू आहे. समोरचं थोडंफार दिसतं, कडेचं सगळं गेलं. पुण्याच्या दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी ऐन एकोणिसाव्या वर्षी याच रोगानं गेली. हा माणूस पुढे टँडेमवरून मनालीहून खारदुंगला खिंडीपर्यंत, सतरा हजार फुटांच्याही वर गेला, हे काकांनी पेपरात वाचलं आणि सायकल आणली.

"हे सगळं सांगतात," काकू म्हणाल्या. "कुठे गुलमोहर फुललाय, सरोवरावर कुठले पक्षी आलेत. आता भर मे महिन्यात परदेशचे पक्षी कुठून येणार? थापा मारतात. मीही हूं म्हणते."

"आणि खड्डे?" हिनं विचारलं.

"खड्ड्याच्या बाबतीत आजवर एकदाही खोटं बोललेले नाहीत."

आम्ही जिना चढून घरी आलो. काय सांगितलं नाही तर चालतं आणि काय सांगितलंच पाहिजे, यावर जगात पुष्कळ ग्रंथ असतील. मला एवढंच दिसलं की काकांनी फुलं आणि खड्डे यांची खाती वेगळी ठेवली होती. मी दोन्ही रकमा एकाच खात्यात टाकत आलो होतो.

काकांचा गुडघा अजून बरा नाही, त्यामुळे पुढच्या रविवारीही सायकल आमच्याकडेच होती. या वेळी मी पुढे, आणि फाटकापासूनच सुरुवात केली. खड्डा. गतिरोधक. म्हैस. दुसरी म्हैस. उजवीकडे गुलमोहर. टी.व्ही. सेंटर मागे पडलं, उतार लागला, वारा छान होता. मी म्हटलं, "आणि अजून एक आहे."

"काय, म्हैस?"

"नाही. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलंय. मार्चमध्ये. गावाकडच्या घराचे पत्रे उडाले होते, अण्णांना पाठवले."

पायडलं थांबली. साखळी एकच असल्यामुळे माझीही थांबली. उतार होता म्हणून सायकल तेवढी चालत राहिली. मागे ब्रेक नसतो हे किती बरं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

"किती?"

मी आकडा सांगितला. व्याजासकट सांगितला.

ती काही बोलली नाही. सरोवराच्या अलीकडे पुन्हा पायडलं फिरू लागली. आधी तिनं जोर लावला की मी, ते सांगता येणार नाही. पुढे तो परिचयाचा खड्डा होता. तोही सांगितला.