गंगा पवित्र असेल, तर

बराकपूरच्या महाविद्यालयीन मुलांसाठी पर्यावरणाची प्रश्नमंजूषा घ्यायची, तर पहिला प्रश्न गावाला लागून वाहणाऱ्या हुगळीवरच, म्हणजे गंगेच्याच फाट्यावर, हवा: गंगा पवित्र असेल, तर ती मैली कशी होते? अंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, हा सरकारी निकष. श्रद्धेला तो लागू नाही, असे म्हणणारे भेटतातच. पण गंगाजलाने रोग बरा होतो म्हणणारा पाण्याबद्दलच विधान करतो, आणि ते तपासता येते. पावित्र्य हे भक्ताने जपायचे असते असे मानले, तर झेंडूच्या माळेसकट प्लास्टिकची पिशवी घाटावरून भिरकावणाऱ्याची भक्तीच उणी पडते. प्रश्नमंजूषेसाठी केलेल्या पाठांतराने आचरण सुधारत नाही, हा आक्षेप खराच. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगूनही निर्माल्य नदीतच जाते. म्हणून गुण नुसत्या आकड्याला न देता युक्तिवादाला द्यावेत. परीक्षकांची थोडी पंचाईत होईल, होऊ द्या.