कृपेची परतफेड कोणाला करायची?

आजचं वाचन : लूक 19:1-10

आपल्या पिढीला प्रोबेशनची सवय आहे. आधी सहा महिने नीट काम करून दाखवा, मग कन्फर्मेशनचं पत्र मिळेल. देवाचाही हिशेब असाच असणार, असं मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. यरीहोमध्ये प्रभू येशूने मात्र हा क्रमच उलटा केला.

जक्कय मुख्य जकातदार होता. श्रीमंत, पण गावाच्या मनातून उतरलेला. तो उंबराच्या झाडावर चढला तो फक्त येशूला बघायला. येशूने वर पाहिलं, त्याला नावाने हाक मारली आणि आज मी तुझ्याच घरी उतरणार, असं सांगून टाकलं. तोवर जक्कयाने पश्चात्तापाचा एक शब्द काढला नव्हता, की कुणाचं एक नाणं परत केलं नव्हतं. लोक कुरकुरले ते यामुळेच.

कुणी म्हणेल, या घराला तारण मिळालं हे येशू जक्कयाच्या बोलण्यानंतर म्हणाला ना? हो. पण त्याचं कारणही तो लगेच देतो: हरवलेल्यांना शोधायला आणि तारायलाच मी आलो आहे. म्हणजे शोध आधी सुरू झाला होता. जक्कय बदलला तो सापडल्यामुळे.

मग आपला नेहमीचा प्रश्न येतो. सगळं फुकटच मिळालंय, तर नीट वागायचं कशाला?

जक्कयाचा पैसा कुठे जातो ते बघा. येशूला तो काहीच देऊ करत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच नियमशास्त्र सांगत होतं (गणना 5:7). हा त्याच्या कितीतरी पुढे गेला. ‘देवाने मला क्षमा केली, आता तुमचा विषय संपला,’ असं तो यरीहोच्या लोकांना म्हणाला नाही. देवाचं ऋण फेडणं आपल्याला शक्यच नाही. ते वधस्तंभावर फिटलं. पण माणसांचं देणं उरतंच. आणि आता ते न घाबरता देता येतं, कारण त्यावर आपलं तारण टांगलेलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पण तारणासाठी फक्त ख्रिस्तावर विसंबायचं असतं, हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी उमगलं, असं त्या आपल्या साक्षीत सांगतात. ते उमगल्यावर काम थंडावलं का? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, अनाथ मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. कृपा कळल्यावर त्यांचा हात आखडला नाही, उलट मोकळा झाला.

म्हणून विश्वासूपण तपासायचं तर रविवारच्या उपासनेत आपण किती वेळ गातो, एवढंच बघून चालणार नाही. घरकामाच्या मावशींच्या सुट्टीचे पैसे कापलेत का? ज्युनिअरने रात्र जागून केलेलं काम डेमोमध्ये आपल्या नावावर गेलं का? क्लेममध्ये टॅक्सीचं बिल फुगवलं का? या गोष्टी छोट्या वाटतात. पण येशू घरात आला की तो हॉलपुरता थांबत नाही. कपाटही उघडावं लागतं.

आज एकच करू या. ज्याचं देणं आहे अशा एका माणसाचं नाव आठवू या, आणि झोपण्याआधी त्याला फोन करू या.

प्रार्थना : प्रभू येशू, मी काही करण्याआधीच तू माझ्या दारी आलास. तुझे आभार. ज्यांचं मी लागतो त्यांच्याकडे जायला मला आज धैर्य दे. आमेन.