देणाऱ्याचे काय जाते?

रक्तदानाच्या शिबिरात एक वाक्य हमखास कानांवर पडते : ‘रक्त दिल्याने काहीही होत नाही.’ नवख्याची भीती जावी म्हणून ते बोलले जाते आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु हेतू चांगला म्हणून अर्धसत्य हे सत्य ठरते काय? आणि ज्यात देणाऱ्याचे काहीच जात नाही, त्याला दान तरी का म्हणावे?

एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू या. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे गाव आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर व कोलार यांच्याबरोबर त्याचाही समावेश होता. आज गावालगत जुना विस्तीर्ण तलाव आहे, आसपास कारखाने आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. समजा, येथील एक तरुण रोज पहाटे तलावाच्या बाजूने धावतो. बंगळुरात २००८ साली सुरू झालेल्या दहा किलोमीटरांच्या शर्यतीत उतरण्याचे त्याने ठरविले आहे. शर्यत दोन आठवड्यांवर आली असता शिबिर भरते आणि तो रक्त देतो. चौथ्या दिवशी नेहमीच्या वेगाने धावताना त्याला धाप लागते. आपली फसवणूक झाली, असे त्याच्या मनात येते. त्याचे चुकले काय?

शरीराचा हिशेब त्याच्याच बाजूने आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातून एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतले जाते. रक्तातील द्रवभाग एकदोन दिवसांत भरून येतो. पण प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी इतक्या लवकर तयार होत नाहीत. मूत्रपिंडाला उणीव जाणवते, ते अस्थिमज्जेला संदेश पाठविते आणि नव्या पेशी घडू लागतात. या कामास चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोहही जाते आणि त्याचा साठा पूर्ववत होण्यास काही महिने लागू शकतात. म्हणूनच आपल्याकडे दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर ठरविलेले आहे. चालणे, घरकाम, कचेरीतील काम यांत बहुतेकांना फरक जाणवत नाही. परंतु सर्व शक्ती पणाला लावणाऱ्या धावपटूला पहिले दोनतीन आठवडे तो जाणवतो. हा आजार नव्हे, नुकसानही नव्हे. ही दानाची किंमत आहे, आणि ती फिटते.

मग त्याने रक्त द्यावयास नको होते काय? येथे पुढे ढकलणे आणि टाळणे यांतील भेद पाहिला पाहिजे. साठविलेल्या तांबड्या पेशी पाच ते सहा आठवडेच टिकतात. रक्तपेढीची गरज एका शिबिराने भागत नाही, ती बारमाही असते. तेव्हा शर्यतीनंतर दिलेले रक्त तितकेच मोलाचे. मात्र समोर रुग्ण अत्यवस्थ असेल आणि त्याच्या गटाचे रक्त दुसरीकडे मिळत नसेल, तर शर्यतीचे कारण पुढे करणे विवेकाला पटणार नाही. आणि प्रत्येक शर्यतीनंतर पुढची शर्यत दाखविणारा मनुष्य दान पुढे ढकलीत नसतो, नाकारीत असतो.

याच्या उलट टोकाचे चित्रही जगाने पाहिले आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या काही सायकलपटूंनी आपला दम वाढावा म्हणून अंगात रक्त भरून घेतले होते. तेव्हा ते नियमबाह्य नव्हते. पुढे त्यावर बंदी आली. तेच रक्त एकीकडे प्राण वाचविते, दुसरीकडे पदकाच्या हव्यासाला जुंपले जाते. दावीद राजाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. जिवावर उदार होऊन वीरांनी बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी आणले, तेव्हा ते आपल्या माणसांचे रक्तच आहे असे मानून त्याने ते प्यावयाचे नाकारले. दुसऱ्याच्या त्यागाची किंमत ओळखणे म्हणजे काय, हे त्या नकारात आहे.

ही किंमत सर्वांना सारखी पडत नाही. पूर्वी आपल्या देशात गरीब माणसे पोटासाठी वारंवार रक्त विकीत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून हा व्यवहार बंद झाला. परंतु विषमता संपली असे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानाच्या दिवशी विशेष नैमित्तिक रजा मिळते. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला दुसऱ्या दिवशी ओझे उचलावेच लागते. धावपटूचे काही सेकंद जातात, हमालाची मजुरी बुडू शकते. त्या दोघांना एकाच सुरात ‘काहीही होत नाही’ असे सांगणे हा अन्याय आहे.

म्हणून देणाऱ्याइतकेच घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. शिबिर भरविणाऱ्यांनी खरे सांगावे : एक दिवस जड श्रम नकोत, पाणी भरपूर प्या, काही दिवस व्यायाम बेताने करा, पालेभाज्या, कडधान्ये, शक्य तर मांस-मासे खा, त्यावर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा घेऊ नका. मालकाने मजुराला एका दिवसाची भरपगारी विश्रांती द्यावी. तोही त्या दानातील वाटाच होय. आणि दात्याने विश्रांतीची लाज बाळगू नये. शरीर हे आपल्याकडे सोपविलेले धन आहे. त्याची निगा राखणारा कारभारीच पुनःपुन्हा देऊ शकतो.

आपला होसकोट्याचा तरुण शर्यतीत कदाचित मागे पडेल. पण आपले काय गेले आणि ते कोठे गेले, हे त्याला आधीच ठाऊक असते, तर ती धाप त्याला फसवणूक वाटली नसती. खरे सांगितल्याने दाते कमी होतील, ही भीती अनाठायी आहे. जाणूनबुजून देणारा मनुष्यच पुढच्या वेळी पुन्हा बाही वर सारतो.